सात नंबरची मेंढी

मंजुळाबाईला आकडे येत नाहीत असं कुणी म्हणालं तर ती भांडायला उठेल. आकडे तिला चांगले येतात. फक्त मेंढराला आकड्यानं ओळखायचं असतं, हे तिच्या डोक्यात काही केल्या शिरत नाही. पिशोरच्या माळावर तिच्या बापाची दीडशे मेंढरं होती आणि एखादी मागं राहिली तर ही न मोजता सांगायची, "बा, लंगडी आली नाय." अशा बाईला चिकलठाण्याच्या एका छोट्या प्रयोगशाळेनं मेंढ्या सांभाळायला ठेवलं, आणि प्रत्येकीच्या गळ्यात नंबराचा पट्टा बांधून दिला. आता बोला!

मेंढ्या कशाला लागतात, ते तिला विशाखानं सांगितलं होतं. विशाखा देवगाव रंगारीची, घरातली पहिली एम.एस्सी. पोरीला शिकल्याची घमेंड नाही. शेडमध्ये येऊन पेंडीच्या पोत्यावर बसायची.

"मावशी, आतड्यात एक जंतू असतो. त्याच्या बाहेरच्या आवरणात जणू कात्रीच बसवलेली असते. समोर आलेलं प्रथिन ती कापते. ती कात्री कुठल्या जंतूत आहे न् कुठल्यात नाही, ते मला ओळखायचंय. म्हणून ती थोडी थोडी मेंढीला टोचायची. मग मेंढीच्या रक्तात तिला नेमकं धरणारी अँटिबॉडी तयार होते."

"म्हंजे मेंढीचं रगत चोर धरतं म्हना की!"

"व्हय मावशी, तसंच."

सात नंबरला चार महिने टोचलं. नऊ नंबर तशीच कोरी ठेवली, तुलनेसाठी. मंजुळाबाईच्या लेखी सात म्हणजे रुसवी आणि नऊ म्हणजे खादाडी. बाकीच्यांना दोघी सारख्याच काळ्या.

शेवटची सुई झाली आणि ऊन असं तापलं की मेंढ्या धापा टाकायला लागल्या. मंजुळाबाईला राहवेना. बापानं शिकवलं होतं तशी तिनं दोघींची लोकर स्वतःच कातरली, रुसवीच्या पाठीवरच्या सुयांच्या गाठी सांभाळून. पट्टे सोडून खुंटीला अडकवले होते, ते हाती आले तसे बांधून टाकले. तिला कुठं पट्ट्यावरून ओळखायचं होतं!

आठ दिवसांनी रक्त काढायला माणूस आला. ती नेमकी चाऱ्याच्या गाडीवर गेलेली. त्यानं पट्टा वाचला, सात नंबरचं रक्त काढलं आणि गेला.

पुढच्या आठवड्यात विशाखा शेडमध्ये आली ती चेहरा पाडूनच. "मावशी, काहीच आलं नाही. कागदावर जंतू घेऊन मेंढीचं रक्त लावलं की कात्रीवाल्या जंतूसमोर काळी रेघ उमटायला पाहिजे होती. तीनदा करून बघितलं, कागद कोराच. बद्रीनाथ साहेब म्हणतात, काम बंद करा, मेंढी बाजारात काढा." आणि ती समोरच्या सात नंबरच्या डोक्यावरून हात फिरवायला लागली. "हिचा काय दोष म्हणा."

मंजुळाबाईनं मेंढीकडं नीट बघितलं. पट्टा सातचा, पण विशाखाच्या हाताखाली खादाडी होती.

प्रयोगशाळा चालवणाऱ्या बद्रीनाथ साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, पट्ट्यांशी खेळ केला तर त्याच दिवशी घरी. ह्याच पगारावर तिच्या लेकीचं, शालूचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष चाललेलं. गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण ही पोर चार महिने उन्हातान्हात खेटे घालत होती, आणि आता ती मान खाली घालून उठायला लागली.

"विशाखाताई, थांबा. माझ्या हातनं लई मोठी चूक झाली." तिनं रुसवीला ओढून आणलं. "टोचलेली ही हाय. पट्टे म्या उलटे बांधले. हिच्या पाठीला हात लावून बघा, गाठी हायेत का नाय."

विशाखानं बोटं फिरवली. चार गाठी, एकाखाली एक. ती तशीच रक्ताच्या नळ्या आणायला पळाली.

दोन दिवसांनी तिनं मंजुळाबाईला हाताला धरून वर प्रयोगशाळेत नेलं. कागदावर दोन घरं. कात्री नसलेल्या जंतूचं घर कोरं, आणि शेजारच्या घरात रेघ, काजळानं ओढल्यासारखी. "अगं बाई, धरला की गं चोर!" म्हणून मंजुळाबाई तोंडाला पदर लावून रडायलाच लागली.

बद्रीनाथ साहेब मात्र हसले नाहीत. "रेघ आली ते ठीक. पण नियम तो नियम. उद्या परत पट्टे चुकले तर कोण पकडणार?"

"आत्ता ज्यांनी पकडले त्याच," विशाखा म्हणाली. "साहेब, मावशी बोलल्या नसत्या तर आपण ही मेंढी कसायाला दिली असती."

साहेबांनी चष्मा पुसला. मग नोंदवही ओढून ताठ अक्षरात काहीतरी लिहिलं आणि ती मंजुळाबाईपुढं सरकवली.

संध्याकाळी शालूचा फोन आला. आईनं पट्ट्यांची चूक सांगितल्यापासून पोरगी जीव मुठीत धरून बसली होती. "आई, काढलं का गं तुला कामावरून?"

"मला काढत्यात व्हय!" मंजुळाबाई म्हणाली. "आजपासून माझ्या सहीबिगर एकाबी मेंढराचं रगत काढायचं नाय, असं सायबानं सोता लिहिलंय."