कालवण कसं लागतंय

कुवेतमधल्या सालमियात दर शुक्रवारी आम्ही चौघं एखाद्या छोट्या खानावळीत जेवतो आणि तिथलं जेवण कसं होतं ते ग्रुपवर लिहितो. शेवटचा शब्द आमच्यातल्या एकाचा असायचा. तो रत्नागिरीचा, इथे एसी दुरुस्त करतो. नमाज आटोपून यायचा, बाह्या दुमडायचा आणि पहिल्याच घासाला एका दमात सांगून टाकायचा, "मीठ बरोबर, वाटण कच्चं." त्यावर कोणी वाद घालत नसे.

गेल्या वर्षी घशाच्या आजारात त्याला रेडिएशन घ्यावं लागलं. तो बरा झाला, पण तोंडाची चव गेली. त्याच्यासमोर चवीच्या गप्पा कशा मारायच्या, म्हणून आम्ही शुक्रवार बंदच केले. शेवटी त्यानेच मला फोन केला.

"ताई, चव गेली माझी. भूक नाय गेली."

त्या शुक्रवारी बांगड्याचं कालवण आलं. त्याने घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिला. मग तो माझ्याकडे वळला.

"सांग, कसं लागतंय?"

मी नर्स, दिवसभर पेशंटना धीर देणारी. पण तेव्हा "आंबट आहे," एवढंच म्हणाले.

"कसलं आंबट? कोकम की चिंच?"

मी पुन्हा चाखलं. "कोकम. आणि मागून तिरफळ येतंय."

त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला. "खोबरं?"

"ताजं आहे. गोडसर लागतंय."

"बोलत राहा," तो म्हणाला, आणि उरलेलं सगळं कालवण त्याने भातावर ओतून घेतलं.