रुमालाखालची बोटं

काक नूर नावाच्या बाईला मी फसवलं. तक्ता माझा होता, अटी माझ्या होत्या, आणि तिला गप्प करणारं बोलणंही माझंच होतं. मलाही फसवलं गेलं, ते पुढे येईलच. पण माणसाने आधी आपलं सांगावं, मग दुसऱ्याचं काढावं.

सांगोला सोडलं तो रविवार होता, जनावरांच्या बाजाराचा दिवस. माझे वडील, आबा, हेडी होते, म्हणजे बैलांच्या सौद्यातले मध्यस्थ. भर बाजार टाकून ते मला एसटी स्टँडवर सोडायला आले होते आणि खांद्यावर त्यांचा तो रुमाल तसाच होता. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघे हात मिळवतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून भाव ठरतो. बघणाऱ्यांना नुसता हलणारा रुमाल दिसतो. एसटी सुटताना आबा खिडकीशी आले. "तिकडं तू काय घेनार, काय इकनार, मला कळत न्हाई. पन जनावराचं दात बघ. मालकाची कापडं बघू नगंस."

सिंगापूरला चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या खरेदी विभागात मी लागलो. पुरवठादारांकडून भाव पाडून घेणं हे काम, म्हणजे आबांचाच धंदा, फक्त मोठ्या काचांच्या खोलीत. समोरचा बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. पाच वर्षांत माझ्या नावाचा धाक बसला. रागीट आहे, पण काम काढतो, असं म्हणायचे. मला ते आवडायचं.

राहायला मात्र जागा मिळेना. एजंट फोनवर गोड बोलायचा आणि आडनाव ऐकलं की सूर बदलायचा. "सॉरी हां, ओनरला इंडियन नको. मसाल्याचा वास." एकाला मी इतक्या शिव्या दिल्या की माझ्या बायकोने, सुनंदाने, हातातून फोन काढून घेतला. शेवटी जुरोंग ईस्टला फ्लॅट मिळाला तो 'लाइट कुकिंग'च्या अटीवर. म्हणजे तळण नाही, फोडणी नाही. मी सही केली. दोन दिवाळ्या सुनंदाने कढई वर काढली नाही. तुम्ही गावाकडचे म्हणायचात, चकल्या पाठवतो, तिकडे वेळ कुठे असतो तुम्हाला. वेळ होता. परवानगी नव्हती. हे मी आज पहिल्यांदा सांगतोय.

मग आई आली. महिनाभर राहायला म्हणून आली आणि बाथरूममध्ये पडून मनगट मोडून बसली. मी तिला नोव्हेनाच्या हॉस्पिटलात नेलं, नंबर लावला आणि "दोन तासांत येतो" म्हणून मीटिंगला निघून गेलो. मराठीखेरीज एक शब्द न येणाऱ्या बाईला मी तिथे एकटी बसवली. परत आलो तर हाताला प्लास्टर, आणि शेजारी बसलेल्या एका तमिळ बाईच्या डब्यातला इडलीचा तुकडा खात आई हसत होती. ती सेल्वी अक्का. दुसऱ्याच एका म्हाताऱ्याच्या सोबतीला आली होती. आई एक्स-रेच्या दारात घाबरून मागे फिरली, तेव्हा हिने तिचा चांगला हात धरला आणि आतपर्यंत नेलं. "काय बोलत होतात गं?" मी विचारलं. आई म्हणाली, "काय की. ती तिचं बोलायची, मी माझं."

सेल्वी अक्का ज्या गटातली, तो गट काक नूर चालवायची. मलय भाषेत मोठ्या बहिणीला काक म्हणतात. माझ्यापासून तीन ब्लॉक पलीकडे तिचं घर. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत दगडी टेबलापाशी नऊ बायका जमायच्या, मलय आणि तमिळ. एकट्या म्हाताऱ्या माणसांबरोबर हॉस्पिटलात जायचं, डॉक्टरचं त्यांच्या भाषेत सांगायचं, औषधं समजावायची आणि घरी आणून सोडायचं, हे त्यांचं काम. ऑफिस नाही, वेबसाइट नाही.

पुढच्या वर्षी आमच्या बँकेच्या देणगी समितीवर माझी नेमणूक झाली. समितीचा प्रमुख ग्रॅहम म्हणाला, "यंदा आपण अल्पसंख्याकांनी चालवलेल्या लहान संस्था बळकट करणार आहोत. तू त्यांच्यातला आहेस, तुला त्यांचं कळेल." मी कुणातला? सांगोल्याचा मी आणि जुरोंगची मलय बाई, आम्हा दोघांत सारखी होती फक्त कातडी. त्याच जागी हे विचारायला हवं होतं. पण त्या टेबलावर बसलेला पहिला इंडियन म्हणून छाती फुगली होती. विचारलं नाही.

संस्था निवडायला गुणांचा तक्ता हवा होता. पुरवठादार तपासायचा माझा तक्ता मी उचलला आणि वरचं नाव बदललं. इंग्रजीत लेखी अहवाल असेल तर गुण. कार्यकारिणीवर वकील किंवा हिशेबनीस असेल तर गुण. पाच वर्षांची योजना असेल तर गुण. माझ्या आईचा हात धरला त्याला त्या तक्त्यात रकाना नव्हता. तो तक्ता करणारा मीच होतो आणि ते मला माहीत होतं.

हेच काम ॲपवरून करणारी एक नवी संस्था होती. चांगल्या शाळांतून शिकलेली पोरं, चकाचक सादरीकरण. तिला भरभरून दिलं आणि वर म्हटलं, कसं वापरायचं ते तुम्ही ठरवा. काक नूरने नोव्हेनाजवळ बायकांना टेकायला एक खोली आणि दोघींना पगार मागितला होता. खोली-पगाराचं नंतर बघू म्हणून तिला आम्ही आधी एक सल्लागार दिला. तो अहवाल लिहायला शिकवणार होता. आणि अट घातली की प्रत्येक फेरीची नोंद इंग्रजीत, जाणाऱ्या बाईनेच भरायची. जिला जमत नाही तिने जायचं नाही.

काक नूर बँकेत तीन वेळा आली. मी आबांसारखा गप्प बसायचो, ती बोलून थकायची. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "ब्रदर, सेल्वीने तुझ्या आईचा हात धरला तेव्हा इंग्लिशमध्ये धरला होता का?"

खोलीत ग्रॅहम होता. माझं घरचं त्याच्यासमोर काढलं म्हणून माझं डोकं सणकलं. मी टेबलावर हात आपटला. "इथे भावना आणू नका. जमत असेल तर सही करा, नाहीतर मागे लाइन आहे."

तिने सही केली. मी ज्या चेहऱ्याने लाइट कुकिंगवर केली होती, अगदी त्याच चेहऱ्याने.

नऊजणींपैकी चौघींना इंग्रजी लिहिता येत नव्हतं, तमिळ बायका सगळ्या त्यांत. सेल्वी अक्का पहिल्याच आठवड्यात गेली. तिच्या तमिळ म्हाताऱ्यांना उरलेल्या मलय बायकांचं कळेना. वर्षभरात गट मोडला. सल्लागाराचा अहवाल मात्र उत्तम झाला होता. आणि बँकेच्या वार्षिक पुस्तकात 'वांशिक समानता' या पानावर फोटो छापून आला: मी आणि काक नूर, हात मिळवताना. ग्रॅहम फोटोत नव्हता. तेव्हा मला कळलं की मला त्या टेबलावर कशाला बसवलं होतं. माझा मुलगा फोटो बघून इथल्या बोलीत म्हणाला, "बाबा, आंटी स्माइल करत नाहीये लाह." मी त्याच्यावर ओरडलो. दुसरं काय येतं मला.

तुम्ही विचारता, आता घर कुठलं, सांगोला की सिंगापूर? आमच्या दारात सोमवारी सकाळी कुणी ना कुणी शेतकरी उभा असायचा. रविवारच्या सौद्यात बैल लंगडा निघाला म्हणून आरडाओरडा करायचा. आबा त्याला आधी चहा द्यायचे, मग उत्तर द्यायचे. कधी बैल परत घ्यायचे. उत्तर दिल्याशिवाय कुणाला उठू दिलं नाही. घर म्हणजे मला तेवढंच कळतं, लोक जाब विचारायला जिथे येऊ शकतात ते दार. काक नूर तीन ब्लॉक पलीकडे राहते आणि ती माझ्या दारात कधी आली नाही. म्हणजे इतक्या वर्षांत मी इथे फ्लॅट केला, घर केलं नाही.

गेल्या रविवारी मीच तिच्या दारात गेलो. जे वर लिहिलं ते सगळं उभ्याने सांगितलं. तिने माफ केलं नाही. चहा दिला आणि म्हणाली, "मला नको सांगू, ब्रदर. त्या टेबलावर सांग."

म्हणून हे लिहिलं, आणि याचंच इंग्रजी करून समितीला पाठवलं. ग्रॅहम, तुमची भाषा मी पंधरा वर्षं बोललो, आता माझ्या गावच्या भाषेत ऐक. रुमाल उचल. खालच्या एका हाताची बोटं माझी होती, मी सांगितलं. दुसऱ्या हाताची कुणाची, ते तू सांग. मला नको सांगू. जुरोंगला ये, दगडी टेबलापाशी त्या नऊ बायका बसतील, त्यांच्यासमोर सांग.