सुवर्णाच्या वतीने मी दिलेलं उत्तर

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही, देवापुढे हात जोडतानाही तोंडातून काढलेलं नाही. तुम्हाला का सांगते आहे? — ते मलाही नीट माहीत नाही. बसा थोडं.

सुवर्णा माझी धाकटी जाऊ. माहेर राधानगरीकडचं. लग्न होऊन निपाणीजवळच्या आमच्या गावी आली तेव्हा तिला कानडीचा गंध नव्हता. मी बेळगावात वाढलेली, कानडी शाळेत शिकलेली, निपाणीत एका कचेरीत नोकरीला. त्यामुळे घरात कानडी कागद आला की माझ्याकडे, कानडी माणूस आला की माझ्याकडे. सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसायचे आणि मला ते आवडायचं. फार आवडायचं — आता कशाला लपवू?

अकरा वर्षांपूर्वी सुवर्णाच्या अंगावरून फार जायला लागलं. पाळी आली की पंधरा-पंधरा दिवस थांबायचं नाव नाही. चेहरा पांढराफटक, बसल्या जागेवरून उठताना भिंत धरायची. वय एकतीस, एक मुलगी, आणि दुसऱ्या मुलाची आस — ते मला ठाऊक होतं, उगाच नाही म्हणणार नाही. मुलीची लहानपणची झबली तिने ट्रंकेत घडी घालून ठेवली होती.

दीर बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात, त्यांना सुट्टी मिळेना. म्हणून बेळगावच्या दवाखान्यात तिला मी न्यायची. आधी दाखवायला, मग सोनोग्राफीला, मग रक्त तपासायला. जाता-येता चार-साडेचार तास बसमध्ये, वर बाकावर ताटकळणं. रिपोर्ट दाखवायला गेलो तोवर माझी रजा संपत आली होती आणि मी वैतागले होते. वैतागले — एवढाच शब्द आहे त्याला. काहीतरी मोठं कारण असतं तर निदान सांगायला बरं वाटलं असतं.

डॉक्टरबाई नुकत्याच दावणगेरेकडून आलेल्या, मराठी त्यांना अजून जमत नव्हतं. शांतपणे समजावत होत्या. गर्भाशयात गाठी आहेत, कर्करोगाच्या नाहीत, पुष्कळ बायकांना होतात. गोळ्यांनी रक्तस्राव कमी करता येतो. औषध असलेली कॉइल आत बसवता येते. नाहीतर ऑपरेशन करून नुसत्या गाठी काढायच्या, पिशवी तशीच ठेवायची. गाठी पुन्हा होऊ शकतात, म्हणून दर सहा महिन्यांनी तपासायला यायचं. पिशवीच काढणं हा अगदी शेवटचा उपाय. मग सुवर्णाकडे बघत त्यांनी मला विचारलं, हिला अजून मूल हवंय का?

दर सहा महिन्यांनी. मी तेवढंच ऐकलं का? नाही — सगळं ऐकलं होतं.

मी म्हणाले, "साकु." म्हणजे पुरे.

सुवर्णाने माझ्या दंडाला हात लावला. "आक्का, काय इचारलं बाईनी?"

"लई दुखतंय का म्हणून इचारत्यात."

ती बाईंकडे बघून जोरात मान हलवून हो म्हणाली. खरंच दुखत होतं ना तिला. बाईंना वाटलं, ती माझ्या उत्तराला हो म्हणते आहे. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

तेव्हाही थांबता आलं असतं. बाई म्हणाल्या, घाई नाही, घरी बोला, आठवड्याने सांगा. म्हणजे माझ्यापाशी सात दिवस होते — एका वाक्याला सात दिवस कमी पडतात का? बाहेर बाकावर मी तिला सांगितलं, पिशवी काढावी लागणार. सुवर्णाने विचारलं, दुसरा काय इलाज न्हाय व्हय? मी न्हाय म्हणाले. घरी दिरांना तेच सांगितलं, सासूबाईंनाही तेच. पुढच्या आठवड्यात बाईंना मी पिशवीच काढा म्हणाले, आणि कानडी फॉर्मवर मी बोट ठेवलं तिथे तिने सही केली.

ऑपरेशन नीट पार पडलं. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर तजेला आला. आक्का होत्या म्हणून वाचले, असं ती गावभर सांगत सुटली. दोनेक महिन्यांनी ती झबली घेऊन माझ्या खोलीत आली. "तुमच्या भनीच्या लेकीला व्हतील. आमास्नी आता काय करायची?" हसत म्हणाली, मग पाठ फिरवून बराच वेळ डोळे पुसत राहिली. मी झबली घेतली. नाही म्हणायला काय कारण सांगणार होते?

त्या वर्षाअखेर माझी चार दिवस रजा शिल्लक राहिली.

या उन्हाळ्यात मलाच गाठी निघाल्या. बेळगावला सोबत सुवर्णा आली. बचत गटात, बाजारात बोलून बोलून तिची कानडी आता झकास झाली आहे. दवाखाना दुसरा, डॉक्टर दुसऱ्या, पण सांगणं तेच — गोळ्या, कॉइल, नुसत्या गाठी काढणं, अगदी शेवटी पिशवी. माझ्यासाठी सुवर्णाच एकेक गोष्ट खोदून विचारत होती. कुठल्याने त्रास कमी? कुठल्याने पुन्हा यावं लागेल? यावं लागलं तर मी घेऊन येते, असंही तिने बाईंना सांगून टाकलं. मी टेबलाच्या कडेकडे बघत होते.

परतताना बसने संकेश्वर सोडलं तेव्हा ती म्हणाली, "आक्का, माझ्या टायमाला ह्यातलं कायच नव्हतं न्हवं?"

तिच्या आवाजात संशय नव्हता. तिला नुसतं माहीत करून घ्यायचं होतं. अकरा वर्षांनी तिने स्वतःहून विचारलं होतं, मला फक्त खरं बोलायचं होतं.

मी म्हणाले, "न्हाय गं. तवा नव्हतं."

"व्हय," ती म्हणाली. आणि मला वारं लागेल म्हणून माझ्यावरून हात लांब करून तिने खिडकीची काच ओढून घेतली.

सगळं होतं तेव्हा. मी तिच्याच शेजारी बसून ते ऐकलं होतं.