पलीकडचा दिवा

तापलेल्या मशिनच्या धुळीचा वास आला की जळगावच्या ऑफिसातली ती दुपार आठवते. साक्रीकडच्या एका डोंगराळ गावातला टेलिफोनचा स्विच, म्हणजे कॉल जोडणारं मशिन, एकाच ट्रंक लाइनने आमच्या स्विचला जोडलेला होता. गावाचे सगळे फोन तिच्यावरूनच चालत, मोबाइलला रेंज नव्हती. मी इथूनच तिकडची सेटिंग बदलत होते. अशा वेळी तिथल्या माणसाला आधी बजावून ठेवायचं असतं, की माझा आवाज गेला तर स्विच बंद करून चालू करा, म्हणजे जुनी सेटिंग परत येते. त्या दिवशी घाईत ते राहिलं, आणि सेटिंगमधला एक नंबरही चुकला. एंटर दाबलं तसे तिथला स्विच सांभाळणारे नाना फोनवर अर्ध्या वाक्यात तुटले, माझ्यासमोरचा त्या लाइनचा हिरवा दिवा विझला. गाडीने जायचं तरी चार तास. दिव्यावरची नजर हलेना. बऱ्याच वेळाने तो लागला आणि फोन वाजला. “ताई, तुमना आवाज बंद व्हयना, म्हनीसन मीच डबा बंद करीसन चालू करा,” नाना म्हणाले. न सांगताच त्यांनी स्विच बंद करून चालू केला होता. मला रडूच आलं. “आते दवाखानाले फोन लागना, गाडी निंघनी.” दवाखान्याला फोन लागला होता, गाडी निघाली होती. ती कुणासाठी, आणि त्याआधी किती वेळ ते फोन लावत होते? नानांशी त्यानंतर कितीदा तरी बोलले, पण तेवढं अजून विचारलेलं नाही.