विंगेतल्या काकू

काकूंना राग यायचा, असं म्हणणं चूक आहे. राग त्यांच्याकडे कायमचा मुक्कामालाच होता. दिल्लीच्या करोल बागेतल्या आमच्या हौशी मराठी नाटकमंडळात कुणी तालमीला पाच मिनिटं उशिरा आलं, की त्यांचा आवाज चढायचा, "या महाराज! मेट्रो आज चालत आली वाटतं?"

मंडळ त्यांनीच उभं केलं. सरकारी नोकरी सांभाळून, घरातल्या चादरींचे पडदे शिवून. मानधन कुणालाच नाही, आणि ज्याला मुख्य भूमिका त्यानं हॉल झाडायचा. मी तेव्हा मुनिरक्यात राहून यूपीएससीचा अभ्यास करत होतो. झाडू बघून कुरकुरलो, "काकू, मेन्स जवळ आलीय, यार!"

"यार कुणाला म्हणतोस रे मेल्या? कलेक्टर झालास तरी इथे केर काढशील."

कलेक्टर काही झालो नाही. केर मात्र अनेक वर्षं काढला.

काकू स्वतः कधी रंगमंचावर आल्या नाहीत. विंगेत उभ्या राहून प्रॉम्प्टिंग करायच्या. दिल्लीत वाढलेली आमची पोरं 'हिरमुसली'सारख्या शब्दाला अडखळायची, आणि काकू हळूच शब्द पुरवायच्या. तेव्हा तो आवाज इतका मऊ कसा व्हायचा, देव जाणे. त्या आवाजाच्या भरवशावर पोरं उभी राहायची.

आणि आम्ही दीडशहाण्यांनी काय केलं? मंडळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून नेपथ्यापासून विंगेपर्यंत सगळं नोएडाच्या एका कंपनीला देऊन टाकलं. काकूंना शाल घालून पहिल्या रांगेत बसवलं. म्हणे सन्मान! बैठकीत हात मीही वर केला होता. आजही स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

त्या पंचविशीच्या प्रयोगात, दुसऱ्या अंकात एक मुलगी अडली. विंगेत कंपनीचा माणूस मोबाइल बघत उभा, त्याला मराठीचा गंध नाही. काकूंनी खुर्चीतूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं, वाक्य दिलं. अख्खं नाट्यगृह हसलं, मुलगी रडत आत पळाली. आमचे अध्यक्ष वळून म्हणाले, "काकू, प्लीज! आज तुम्ही पाहुण्या आहात."

काकू उठल्या आणि चालू लागल्या.

आठवड्यानं मी माफी मागायला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी दारातच अडवलं. "माफीचं काय लोणचं घालू? पुढच्या नाटकाला विंगेत कोण उभं राहणार, ते सांग."

"कंपनीच बघेल, काकू. करार झालाय."

"मग नाटकही कंपनीलाच करू दे," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. पुढच्या महिन्यात त्या लेकीकडे नाशिकला निघून गेल्या.

यंदा कंपनी वेळेवर आली, दिवे लागले. तालमीला एकही पोर आलं नाही. बरं झालं! आम्ही त्याच लायकीचे आहोत.