स्टेअरिंग हलकं झालं त्या दिवशी

तळेघरला त्या सकाळी धुकं असं बसलं होतं, की गोठ्यातली म्हैस नुसती ऐकू येत होती. भात पिवळं पडायला लागलं होतं आणि लोंब्यांवरचं दव खाचरात टपटपत होतं. हौशीराम डाव्या हातानं बादली ओढत गोठ्यात गेला, म्हशीला पाणी दाखवलं, शेण कडेला सारलं. उजवा हात नुसता सोबतीला होता.

"अवो, आवरा. यष्टी चुकली तर दुपारपत्तुर दुसरी न्हाई," साळुबाई ओट्यावरून ओरडली.

"आज जाताना यष्टी. येताना आपली गाडी," हौशीराम म्हणाला.

आखाडात, भर आवणीत, भाताची रोपं लावत चिखलात उभं असतानाच त्याच्या अंगावरून वारं गेलं होतं. पुढं पाय परत आला, वाचा आली. हातही आला असं तोच सगळ्यांना सांगायचा आणि मूठ करून दाखवायचा. मूठ व्हायची, खोटं नव्हतं. पण त्याची नजर दुसरीकडं वळली की हात जागा सोडायचा. जेवताना तो बोलण्यात रंगला की हात ताटातून मांडीवर घरंगळायचा. साळुबाई त्याच्या ध्यानात यायच्या आत तो उचलून परत भाकरीवर ठेवायची. तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला तर नाहीच.

हौशीरामच्या लेखी दोष सगळा जीपच्या स्टेअरिंगचा होता. या डोंगरात त्यानं ती जीप चालवली तेव्हा रस्त्याला मुरूमसुद्धा धड नव्हता. हिरड्याची पोती, वऱ्हाडं, साप चावलेली माणसं, अडलेल्या बायका, सगळं त्यानं घोडेगावला पोचवलं. दोन लेकरं तर मागच्या सीटवरच जन्मली. त्यातलं एक आता त्याला 'नाना' म्हणून हाक मारत शाळेत जायचं. त्याच्या दुखण्यात जीप अख्खा पावसाळा उघड्यावर भिजली. श्रावणात तो हट्टानं चढून बसला, तर स्टेअरिंग हलेना. "जाम झालंय गं. त्याला हात काय करंल?" तो म्हणाला. जाम झालं होतं हेही खरंच होतं. तेच तर वाईट झालं. त्यावर सगळंच ढकलता आलं.

कळंबच्या गोकुळचं गॅरेज जुन्या नाशिक रस्त्याला होतं. पिकअपला बांधून त्यानंच जीप खाली नेली होती. हे दोघं मंचरला गाडी बदलून पोचले तेव्हा ऊन तापलं होतं आणि गोकुळ जीपखाली उताणा पडून शिव्या देत होता.

"या मामी. नाना, तुमी पावसात भिजवली अन् जीव माझा चाललाय! पावर स्टेअरिंगची नवीन पेटी तयार, पंप बसवला, पण ह्यो जुना दांडा चार दिस झालं सुटंना राव."

स्टेअरिंगच्या पेटीतून खाली येणाऱ्या शाफ्टवर एक वीतभर लोखंडी दांडा घट्ट बसलेला असतो. चाकं वळतात ती त्याच्या ओढीनं. ड्रॉप आर्म म्हणतात त्याला. तो गंजून शाफ्टशी एकजीव झाला होता. गोकुळनं त्याला डिझेल पाजलं होतं, ओढून काढायला पुलर लावला होता. एक पुलर वाकून कोपऱ्यात पडला होता.

हौशीराम वाकून बघत म्हणाला, "नट समदा काढलास?"

"व्हय."

"मग परत चार आटे चढव. सुटला की गोळीवानी यील, तुझं थोबाड फोडंल."

"थोबाड चांगलं कुठंय, नाना? फुटलं तर सुधरंल."

साळुबाई पदर तोंडाला लावून हसली.

गोकुळनं नट चढवला, पुलर करकचून आवळला आणि गॅसची ज्योत दांड्याच्या भोकाभोवती फिरवली. लोखंड लालसर झालं. मग त्यानं बाजूनं हातोडा हाणला. एकदा. परत एकदा. तिसऱ्या घावाला बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला आणि शेडमधली कबुतरं फडफडून उडाली.

"सुटला!" हौशीरामनं हात वर केले. साळुबाईनं पाहिलं, वर गेला होता एकच. तिनं मान फिरवली.

दुपार कलली तेव्हा नवी पेटी बसली, नळ्या जोडल्या, तेल भरलं. इंजिन चालू करून गोकुळनं चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत आतली हवा काढली आणि खाली उतरून म्हणाला, "बसा, मालक."

हौशीराम चढला. डाव्या हाताचं एक बोट त्यानं चाकात घातलं आणि फिरवलं. जीपची पुढची चाकं लोण्यात फिरावीत तशी फिरली.

"साळू! अगं बघ, बोटानं! बोटानं फिरतंय गं!"

आखाडानंतर तो असा पहिल्यांदाच हसत होता. साळुबाई म्हणाली, "बघितलं की. आता पोराटकीवानी फिरवत नका बसू."

"हायवे नको," गोकुळ मागं बसत म्हणाला. "कालव्याच्या रस्त्यानं एक चक्कर मारू."

साळुबाई हौशीरामच्या शेजारी बसली. कालव्याकडेची वाट सरळ होती, दोन्ही अंगांना ऊस. हौशीराम दोन्ही हात चाकावर ठेवून, त्यांच्याकडं बघत बघत चालवत होता. जरा वेळानं त्याला बोलायला सुचलं. आता आपण सांजच्याला असंच वर जायचं, वाडीवाडीला हॉर्न वाजवायचा, बायडाबाईची सून दिवसात आलीय, तिला म्हणायचं आता घाबरू नको. बोलता बोलता नजर रस्त्यावर गेली. पुढं उजवं वळण होतं. गिअर टाकायला त्यानं डावा हात खाली नेला.

जीप सरळच निघाली.

"अवो, वळवा!"

"वळवलंय की!"

साळुबाईनं बघितलं. उजवा हात त्याच्या मांडीवर होता, तळवा वर करून, झोपलेल्या लेकरासारखा. समोर कालव्याचं हिरवं पाणी आलं. तिनं अंग टाकून दोन्ही हातांनी चाक धरलं आणि त्याच्या अंगाकडं फिरवलं. जुनं स्टेअरिंग तिच्या बापजन्मी हललं नसतं. हे वळलं. डाव्या चाकाखालची खडी खळखळून पाण्यात पडली. हौशीरामनं ब्रेक दाबला, इंजिन आचके देऊन बंद पडलं.

"काय सुटलं रं गोकुळ?" तो धापा टाकत म्हणाला. "दांडा सुटला का? मी तर वळवलं व्हतं."



साळुबाईनं नवऱ्याचा हात उचलला आणि रोज भाकरीवर ठेवायची तसा चाकावर ठेवला. हौशीराम त्या हाताकडं बघत राहिला. मग तिच्याकडं.

"तू उचलतीस व्हय?"

"व्हय."

"कवाधरनं?"

"तुमी दवाखान्यातनं घरी आल्याधरनं."

उसात कुठंतरी पाण्याची मोटार चालू होती. गोकुळ पुढं वाकून म्हणाला, "नाना, ट्रॅक्टरला असती तशी मूठ लावू चाकावर. धराया सोपं..."

"मूठ धरलीय का न्हाई, ते मला कोण सांगंल?"

हौशीराम सावकाश खाली उतरला, पुढून वळसा घालून पलीकडं आला. "साळू, जरा सर." जीप चालवणाऱ्याच्या शेजारी तो आयुष्यात कधी बसला नव्हता. बसल्यावर पाय कुठं ठेवावेत ते त्याला कळेना.

गोकुळनं जीप वर नेली. तिचा आवाज ओळखून वाड्यावाड्यांतली माणसं रस्त्यावर येत होती, हात वर करत होती आणि चाकामागं दुसराच गडी बघून हात तसेच खाली घेत होती. तळेघरच्या अलीकडं बायडाबाई गाडीला आडवी आली.

"नाना, झालं का रं काम? सुनंचं उंद्यापरवा कवाबी व्हईल."

"गाडी झाली, मावशे," हौशीराम म्हणाला.

अंगणात उतरल्यावर त्यानं किल्ली मागून घेतली, शर्टाच्या टोकानं पुसली आणि गोकुळच्या हातात परत दाबली.

"आज मुक्काम कर. बायडाबाईच्या सुनेला सकाळीच घोडेगावला पोचव, येळ काळ सांगून येत न्हाई. मग गाडी तशीच खाली ने. चांगलं गिऱ्हाईक बघ. डोंगरातलाच असंल तर बरं."

"नाना..."

"बोनेट गरम हाय आजून. तिच्यावर पाणी मारू नको लगीच."

गोठ्यात म्हैस हंबरली. सकाळपासून तिला कुणी बघितलं नव्हतं. साळुबाई बादलीकडं निघाली, तसा हौशीराम म्हणाला, "ऱ्हाऊ दे. तू चुलीचं बघ." त्यानं डाव्या हातानं बादली उचलली, उजव्या हाताकडं एकवार नीट बघून घेतलं आणि तो पाणी दाखवायला आत गेला.