अंबडहून दाजींची हाक

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी जालन्यात मस्तगडच्या माझ्या दुकानात गिऱ्हाइकाचा लॅपटॉप उघडून बसलो होतो. ताई रडत नव्हती. “दुपारचा चहा घेतला, जरा पडतो म्हणले, अन् गेले रे बापू,” एवढंच म्हणाली. ज्या माणसाने आयुष्यात साधा निरोपसुद्धा दोन वाक्यांत संपवला नाही, तो असा न बोलता गेला... मला आधी रागच आला त्यांचा.

प्रल्हादराव, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, अंबडच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. गाडी लागल्याची घोषणा तेच करायचे आणि त्यात पदरचा मीठमसाला घालायचे. “आष्टीला जाणारे प्रवासी, गाडी लागलेली हाय. आरामात चढा, लेकरं मोजून घ्या!” निवृत्तीनंतर माइक सुटला, तरी घरात दुसरा होताच. हॅम रेडिओचा. सरकारी परवाना काढायचा, घरच्या यंत्रावरून जगभरातल्या परवानेवाल्यांशी बोलायचं, असा हा नाद. प्रत्येकाला इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांचं एक संकेतनाव मिळतं, तीच त्याची ओळख. “मेहुणा बिनपरवान्याचा शोभत न्हाई,” म्हणत त्यांनी मलाही परीक्षेला बसवलं. मी परवाना फ्रेम करून भिंतीला टांगला. दाजी मात्र रोज बोलायचे. समोरचा कुठल्या देशातला का असेना, आज भाजी काय केली, हे विचारल्याशिवाय त्याला सोडत नसत.

मग घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज, तीही कान देऊन ऐकली तर कळायची. पुढच्या भेटीत पाहिलं तर यंत्रावर टॉवेल टाकलेला. “घेऊन जा पाव्हणं, विकून टाका,” ते पुटपुटले. दाजी आणि गप्प! ताई आत पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलेलं मला ऐकू आलं. तिला त्यांच्या बडबडीचा किती आधार होता, ते मला त्या क्षणी कळलं.

तेव्हा मी त्यांना एफटी-एट सुचवलं. यात बोलायचं नसतं. यंत्र संगणकाला जोडायचं आणि संगणकाने सूर पाठवायचे. कानाला नुसती खरखर वाटावी, इतका क्षीण संदेशही समोरचा संगणक त्या खरखरीतून वेचून काढतो. पाठवणं-ऐकणं पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीने चालतं. आपलं संकेतनाव, ठिकाण, आवाज किती पोचला त्याचा आकडा, की झालं. दाजींनी तोंड वाकडं केलं. “हे काय बोलणं झालं? भाजी बी पुसायची न्हाई?” पण टॉवेल काढला.

जोडणी करून मी जालन्याला परतलो आणि दुसऱ्याच दिवसापासून त्यांचे मेसेज सुरू झाले. पडद्यावर संदेशांचे पिवळे पट्टे दिसतात, अक्षर मात्र एकही उमटत नाही. मी पहिला प्रश्न घड्याळाचा विचारला, कारण पाळी सेकंदावर चालते. “घड्याळ बिलकुल बराबर,” असं उत्तर आलं. मग मी वायर बदलायला सांगितली, आवाज कमी-जास्त करायला लावला, शेवटी रविवारी नवी केबल घेऊन अंबड गाठलं. दुपारभर खटपट केली. काही नाही. दाजींची नजर टॉवेलकडे वळायला लागली. एवढ्यात ताई चहा घेऊन आली आणि म्हणाली, “बापू, संगणकातली वेळ पाहून गाडीला पळू नको. आपल्या घरातली समदी घड्याळं पुढं असत्यात.”

मी दाजींकडे पाहिलं, दाजींनी छताकडे. गाडी सुटायच्या आधी माणूस फलाटावर पाहिजे, या तत्त्वाने त्यांनी घरातलं प्रत्येक घड्याळ पाच-सात मिनिटं पुढे ठेवलेलं. संगणक बिचारा इंटरनेटवरून खरी वेळ घेत होता. “तो मागं पडून राह्यला ना,” म्हणून यांनी ती सोय बंद करून भिंतीवरचं घड्याळ पाहून हाताने वेळ लावलेली! मी कपाळावर हात मारला आणि वेळ दुरुस्त केली. पुढच्याच पाळीला पडदा ओळींनी भरला. दाजींनी सगळ्या जगाला हाक दिली आणि एका जपानी माणसाने त्यांचं संकेतनाव घेऊन ओ दिली. “माझं नाव आलं...” ते कुजबुजले. ताईने पदर डोळ्यांना लावला. मी नवी केबल गुंडाळत बसलो, मान वर करायची सोय नव्हती.

त्यानंतरचे दाजी म्हणजे उच्छाद. ‘वजा वीस’ हा तिथे फार क्षीण आवाजाचा आकडा, पण यांना त्याचंच कौतुक. कुणी तब्येत विचारली की म्हणायचे, “वजा वीस हाय, पण ऐकू जाऊन राह्यलं!”

दाजी गेल्यानंतर, परवा ताईने बोलावलं, म्हणून संध्याकाळी त्यांच्या खोलीत बसून मी यंत्र सुरू केलं. नुसतं ऐकायला. तर केनियातलं एक स्टेशन थेट दाजींच्या संकेतनावाला हाका मारत होतं. दर संध्याकाळी दोघांची गाठ पडायची म्हणे. ताईने ते नाव ओळखलं. “ओ दे की त्याला.” दाजींच्या नावाने मला ओ देता येत नाही, नाव ज्याचं त्याचंच असतं. मी माझ्या नावाने कळवलं की ते गेले.

“त्याला सांग, त्रास न्हाई झाला. चहा घेतला, अन् झोपेतच गेले,” ताई म्हणाली.

“मनाचं काही लिहायचं तर एका वेळी तेराच अक्षरं मावतात गं यात.”

“मंग तुकडे कर. थांबल तो.”

मी तिच्या म्हणण्याचं इंग्रजी केलं, तुकडे केले आणि एकेक पाठवत राहिलो. तो माणूस खरंच थांबला. शेवटचा तुकडा गेल्यावर त्याचं उत्तर आलं.

“काय म्हणतो?”

“विचारतोय, वहिनी कशा आहेत?”

ताई दाजींच्या खुर्चीवर बसली.

“बरी हाय म्हणावं,” ती म्हणाली. “अन् त्याला पूस, आज भाजी काय केल्ती?”